करंगळीचं चऱ्हाट

"हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही," चऱ्हाटकाका म्हणाले, "पण या करंगळीनं आजवर दोन लग्नं जमवली, एक मोडलं, आणि एका बुडत्या माणसाला समुद्रातून वर काढलं. आम्ही सगळे नुसते तिचे हमाल."

असं म्हणून त्यांनी उजव्या हाताची करंगळी वर धरली. ती वरच्या पेरापासून शेजारच्या बोटाकडे अशी वळली होती, जणू त्याच्या कानात काही सांगायला वाकली असावी. डावा हात मात्र जुन्या सवयीनं त्यांनी कोटाच्या खिशात घातला होता. तो तिथं का होता हे साऱ्या घरात त्यांनाच तेवढं ठाऊक होतं. आणि आज दुपारी ते चव्हाट्यावर येणार, अशी त्यांना धास्ती होती.

समोर त्यांच्या चुलतभावाची, भाऊंची, मुलगी बसली होती. लहानपणी ती अंगणात पालथी पडून तासन्‌तास मुंग्यांच्या रांगा बघायची, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं ते पडलंच. आता ती सव्वीस वर्षांची होती, एका प्रयोगशाळेत आनुवंशिकतेचं संशोधन करत होती, आणि तिनं अभ्यासाला घेतली होती ती आपल्याच घराण्याची वाकडी करंगळी. मांडीवर वही, वहीत घरातल्या अकरा माणसांच्या दोन्ही पंजांच्या पेन्सिलीनं काढलेल्या कडा, आणि पिशवीत एक झाकणाची नळी. नळीत कापूस गुंडाळलेली काडी. ती गालाच्या आतून फिरवायची आणि नळीत बंद करायची, की झालं. अकरा जणांनी केव्हाच गाल पुढे केले होते. बारावी नळी तीन आठवडे रिकामी होती.

त्या तीन आठवड्यांत काकांची एकदा दाढ दुखली. एकदा काडी बघताच त्यांना शिंका सुटल्या, त्या मुंगी दारातून बाहेर पडल्यावरच थांबल्या. एकदा त्यांनी, आपल्या गालाची आतली कातडी फार हळवी आहे, लहानपणी एका वैद्यानं तिला हात लावायची सक्त मनाई केली होती, असं सांगून पाहिलं. शेवटी मुंगीनं हाताची घडी घातली, तेव्हा त्यांनी अट घातली : पुढच्या महिन्यात दोरांच्या कारखान्याची ही शेड उतरवणार आहेत. त्याआधी माझ्याबरोबर एक दोर वळ. दोर पुरा झाला, की मी तोंड उघडतो.

"तोंड तुमचं कधी मिटलेलं असतं?" मुंगी म्हणाली. पण तिनं बाह्या सरसावल्या.

चऱ्हाटकाका हे नाव गल्लीनं ठेवलं होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी फिट्ट बसत होतं. बावन्न वर्षं त्यांनी या शेडमध्ये दोर वळले, आणि बावन्न वर्षं तोंडानं जे वळलं त्याची लांबी कुणी मोजली नाही. एकदा धुकं इतकं दाट पडलं, की त्यांनी ते विंचरून त्याचाच दोर केला आणि विकला. ऊन पडल्यावर गिऱ्हाईक रिकामे हात घेऊन तक्रार करायला आलं. एकदा त्यांनी एवढा लांब दोर वळला, की सुरू करताना दुसऱ्या टोकाला उभा असलेला जोडीदार पुरा होताना टक्कल घेऊन भेटला. ऐकणारे हसत, थाप ओळखत, आणि दुसरी मागत. थापेचं असं असतं, ती सगळ्यांना थाप म्हणून माहीत असली, की तिच्याएवढी निरुपद्रवी गोष्ट नाही.

काकांच्या आयुष्यातली खरीखुरी थाप एकच होती. आणि ती मारताना त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं.

बावीस वर्षांचे असताना ते काम मागायला या दारात उभे राहिले. पायांत धड वहाणा नव्हत्या आणि दोन दिवसांचा उपास होता. डाव्या काखोटीला कपड्यांचं गाठोडं होतं, म्हणून मालकीणबाईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी उजव्या हातानं घेतला. पेल्याभोवतीची करंगळी बघून बाई जागच्या जागी थिजल्या. त्यांनी मालकांना हाक मारली. मालक आले, त्यांनी तो हात धरला आणि शेजारी आपला हात ठेवला. दोन करंगळ्या एकसारख्या वाकलेल्या. मालकांचा मोठा भाऊ तीस वर्षांपूर्वी जहाजावर गेला होता, तो परतला नव्हता.

"तुझे वडील दर्यावर होते?" मालकांनी विचारलं.

वडील बंदरावर पोती उचलत. बंदर म्हणजे काही दर्या नव्हे, पण फार लांबही नव्हे. आतून ताज्या अन्नाचा वास येत होता. काका काहीच बोलले नाहीत. त्यांची मान तेवढी हलली.

त्या हलण्यावर त्यांना घर मिळालं, मालक-मालकीणबाई त्यांचे काका-काकू झाले, आठ वर्षांचा एक चुलतभाऊ मिळाला. ही करंगळी सोळाव्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात दोर पिळायच्या चाकाच्या आकड्यात सापडून मोडली होती आणि हाड वाकडंच सांधलं होतं, हे सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू, काकूंचं आजारपण सरलं की सांगू, असं करता करता ते राहिलं ते राहिलंच. दोर वळणाऱ्यांच्या गावात निम्म्या लोकांचं एखादं बोट वाकडं असतं, हे खरं तर मालकांना सुचायला हवं होतं. पण ज्याला भाऊ परत हवा असतो, तो पुरावे मोजत बसत नाही.

आता भाऊ साठीचे झाले होते आणि त्यांची मुलगी नळी घेऊन आली होती.

मुंगीनं सुतांची टोकं चाकाच्या तीन आकड्यांत अडकवली आणि दुसरी टोकं हातात घेऊन ती चालू लागली. शेड एकशेवीस पावलं लांब. पूर्वी इथं एका वेळी बारा माणसं असत. कमरेला तागाचा विंचरलेला पुंजका गुंडाळलेला, बोटांतून सूत सुटतंय, आणि सगळे पाठीमागे चालताहेत. दोरवाला पुढे जातो तो मागे मागे जात, समोर दिसतं ते मागे पडलेलं. काका म्हणत, आयुष्यातली निम्मी वाट आपण बघितलीच नाही, पायांनी चाचपली. त्या बारांपैकी आता काकांखेरीज कुणी उरलं नव्हतं. पण फरशीवर मधोमध त्यांच्या टाचांनी पाडलेली पन्हळ होती, आणि मुंगी लहानपणी पावसाचं पाणी त्यातून कसं जातं ते बघायला येई. आत्ताही तिचे पाय आपसूक त्याच पन्हळीतून चालले.

"निळं विसरू नकोस," काकांनी मागून हाक दिली.

ती विसरली नव्हती. या कारखान्याच्या प्रत्येक दोराच्या पोटात एक निळं सूत असे. बाहेरून दिसायचं नाही. दोर कुठंही कापा, कापलेल्या तोंडात मधोमध निळा ठिपका. दोर कुणाचा यावर कज्जा झाला, की सुरी चालवायची आणि ठिपका बघायचा. आपलं निळं दुसऱ्याच्या दोरात घालणं, किंवा दुसऱ्याचा दोर आपल्या निळ्यावर खपवणं, याहून मोठं पाप या धंद्यात नव्हतं. मालक म्हणत, चोरी केलीस तर पोटासाठी केलीस म्हणून सोडीन, पण खोटं निळं घातलंस तर उंबऱ्याबाहेर.

हे वाक्य काकांनी बावन्न वर्षं उशाशी घेऊन झोप काढली होती.

मुंगीनं पलीकडच्या टोकाला सुतं गाडीच्या आकड्यात अडकवली. गाडी म्हणजे दगड ठेवलेलं लाकडी घसरतं फळकूट. दोर पिळला की आखडतो, आणि ही गाडी तसतशी पुढे सरकते. काकांनी एका हातानं चाक फिरवायला घेतलं. तीन आकडे गरगर फिरू लागले, तीन पेड पीळ घेऊ लागले. आणि आता एवढ्या अंतरावरून ऐकू जावं म्हणून काकांनी आवाज चढवला आणि करंगळीचं चऱ्हाट पुढे सोडलं.

पणजोबांच्या वेळची गोष्ट. गटाराच्या जाळीतून एका मुलीची अंगठी आत पडली. गल्लीतले सगळे सरळ बोटांचे जवान जाळीशी झोंबून गेले. पणजोबांनी करंगळी आत घातली, आकड्यासारखी फिरवली, अंगठी वर. मुलीनं अंगठी परत घेतली नाही, म्हणाली, आता ती त्याच बोटात शोभते. दुसरं लग्न पुढच्या पिढीतलं. त्यात करंगळीनं दाराची आतली कडी फटीतून काढली होती, आणि आत कोण होतं हे लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

"मी सव्वीस वर्षांची आहे," मुंगी पलीकडून ओरडली.

"म्हणूनच सांगत नाही."

मुंगी हसली. मग तिनं पलीकडूनच त्यांना समजावून द्यायला सुरुवात केली, कारण काकांची थाप ऐकली की तिला तिचं शास्त्र आठवे. ती म्हणाली, तुमच्या गोष्टीत तसं चुकीचं फारसं काही नाही. वाकड्या बोटामुळे लग्नं जमली तर वाकडी बोटं वाढणारच. फक्त एक ध्यानात ठेवा, करंगळीच्या मनात काही नसतं. करंगळीच्याच काय, ती वाकवणाऱ्या जनुकाच्याही मनात काही नसतं. त्याच्या नकला होतात. ज्याच्या नकला पुढे जातात तो उरतो, ज्याच्या जात नाहीत तो जातो. आपण म्हणतो, पणजोबांनी करंगळी पुढच्या पिढीला दिली. उलटं बघा. पणजोबा गेले, आजोबा गेले, बाबा जातील, मी जाईन. जी चीज इतकी वर्षं टिकून राहिली ती माणसं नाहीत.

"सुंभ जळतो, पीळ राहतो," काका म्हणाले.

"हो, तसंच. पण हे आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना सांगू नका, त्या पुस्तकात घालतील."

काका चाक फिरवत राहिले. सुंभ जळतो हे त्यांनी म्हणीत नव्हे, डोळ्यांनी बघितलं होतं. याच शेडमध्ये. डांबराच्या कढईनं पेट घेतला होता, आणि आग विझल्यावर फरशीवर दोर पडले होते, राखेचे, पण पिळासकट. एकेक पेड मोजता येत होता. मालकांनी चपलेचं टोक लावलं आणि ते भुसभुशीत झाले. त्या आगीत काका आत शिरले होते आणि आठ वर्षांच्या भाऊंना काखेत मारून बाहेर आले होते. त्यांच्या उजव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी तेव्हापासून सुरकुतलेली होती. त्यांना येऊन चार महिने झाले होते.

आणि ही आग तर मुंगीनं जगापुढे मांडली होती. मागच्या वर्षी तिचं एका मोठ्या सभागृहात व्याख्यान झालं. काका इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. मुंगीनं आधी मुंग्यांचं चित्र दाखवलं. कामकरी मुंगी स्वतः पिल्लं घालत नाही, जन्मभर बहिणींसाठी राबते. वेडी आहे का? नाही. बहिणींच्या अंगात तिच्याच जनुकांच्या नकला आहेत, त्या पुढे गेल्या म्हणजे तिच्याच पुढे गेल्यासारखं. मग मुंगीनं पुढचं चित्र दाखवलं, आणि पडद्यावर दहा फूट उंचीचे चऱ्हाटकाका आले. सख्ख्या भावाशी आपला वाटा अर्धा, ती म्हणाली, पुतण्याशी पाव, आणि चुलतभावाशी एक अष्टमांश. यांना मी वयामुळे आजोबा म्हणते, नात्यानं ते बाबांचे चुलतभाऊ. ते एका अष्टमांशासाठी आगीत शिरले. लग्न केलं नाही, सगळं आमच्यासाठी केलं. ते आमच्या घरची कामकरी मुंगी आहेत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता.

"पेड तयार झाले," मुंगी ओरडली. "भोपळा घालू?"

भोपळा म्हणजे तीन खाचांचा लाकडी गट्टू. तो कुणाच्या पणजोबाला भोपळ्यासारखा दिसला कोण जाणे. तीन पेड तीन खाचांत बसवायचे आणि गट्टू धरून चाकाच्या दिशेनं चालत यायचं. पाठीमागे पेड एकमेकांवर स्वार होतात आणि दोर तयार होत जातो. प्रत्येक पेडाला उलगडायचं असतं, आणि तिघं मिळून एकमेकांना उलगडू देत नाहीत. दोर म्हणजे तेवढंच. बाकी नुसता ताग.

मुंगी गट्टू घेऊन निघाली. आता ती पावलापावलानं जवळ येणार होती, आणि ती चाकाशी पोचली की दोर संपणार होता. काकांनी चाक हळू फिरवलं. मुंगीनं तिकडून बजावलं, की चालढकल चालणार नाही. काकांनी थाप लांबवली.

जहाजावर गेलेल्या मोठ्या भावाची गोष्ट त्यांनी काढली. तुफानात जहाज फुटलं. सगळे बुडाले, कारण सरळ बोटांतून ओला दोर सटकतो. हा एकटा करंगळीनं लटकला. नऊ दिवस. करंगळी झोपली नाही, बाकीचा माणूस झोपला. दहाव्या दिवशी एका बेटाला लागला. तिथल्या बायकांनी असं बोट कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या वीस वर्षांत त्या बेटावर...

"आजोबा," मुंगी म्हणाली. ती आता निम्म्या वाटेवर होती, ओरडायची गरज उरली नव्हती. "बेटाचं राहू द्या. तुमचे वडील खरंच कुठं राहिले? तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला ते लिहावं लागेल."

"कशाला?"

मग तिनं सांगितलं. बाकी अकरा नळ्या एकाच फांदीच्या आहेत, सगळे मालकांचे वंशज. त्यावरून जे निघालंय ते खरं की योगायोग, ते ठरवायला दुसरी फांदी लागते, फार पूर्वी वेगळी झालेली. ती फांदी म्हणजे तुम्ही. तुमच्या नळीत तीच खूण सापडली, तर माझं दोन वर्षांचं काम उभं राहतं. मॅडम रोज विचारतात. बारावी नळी हा सगळ्याचा मधला धागा आहे, आजोबा.

चाक थांबलं. मुंगीला वाटलं, हात दुखला. तिनं चाक फिरवायला येऊ का म्हणून विचारलं. काकांनी नको म्हणून मान हलवली आणि पुन्हा फिरवायला घेतलं.

इतका वेळ त्यांना स्वतःपुरतीच भीती होती. नळी उघडी पडेल, घरातले जेवताना गप्प होतील, कुणी काही बोलणार नाही आणि तेच वाईट असेल. आता त्यांना दिसलं, की प्रकरण त्यांच्यापुरतं नव्हतं. ते गप्प बसले आणि काडी चुकवत राहिले, तर पोरीचं काम अर्धवट. काडी दिली आणि मुंगीनं ती बाबांच्या चुलतभावाची म्हणून मांडली, तर तिचा सगळा दोर खोट्या निळ्यावर वळलेला. इतकी वर्षं त्यांनी कुठल्याही गिऱ्हाइकाला तसा दोर दिला नव्हता.

त्यांना मालकांचे शेवटचे दिवस आठवले. मालक अंथरुणाला खिळले होते, दृष्टी गेली होती. त्यांनी काकांचा हात मागितला. काकांनी घाईत डावा दिला. मालकांनी तो चाचपला, करंगळीपाशी थांबले, ती वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली, बोटांनी. मालक म्हणाले, "हात गार पडलाय तुझा. पांघरूण घे." त्यांना समजलं होतं की नाही, हे कोडं मालक आपल्याबरोबर घेऊन गेले.

मुंगी दहा पावलांवर आली. पाच. काकांनी चाक थांबवलं, खुंटी अडकवली, आणि कोटाच्या खिशातून डावा हात बाहेर काढला. मग बाकावर पडलेली तिची वही उघडून त्यांनी दोन्ही पंजे कोऱ्या पानावर पालथे ठेवले.

"काढ," ते म्हणाले.

मुंगीनं दोर बांधून टाकला आणि पेन्सिल घेतली. उजव्या पंजाची कड काढली. डाव्याची काढू लागली, अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीशी पेन्सिल सवयीनं आत वळायला गेली आणि वळायला तिला जागा मिळाली नाही. ती सरळ खाली आली. अकरा माणसांच्या बावीस करंगळ्या तिनं काढल्या होत्या. ही सरळ येणारी पहिली.

काकांनी मग सगळं सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता सांगितलं, त्यामुळे ते फार लवकर संपलं. आकडा, पेला, बंदर, मान. मोडलेलं लग्न कुणाचं, तेही सांगितलं. एक स्थळ आलं होतं, मुलगी चांगली होती, हसायची. पण मूल झालं असतं, दोन्ही करंगळ्या सरळ घेऊन आलं असतं, आणि काकूंनी पाळण्यात हात घालून आधी तेच बघितलं असतं. म्हणून नाही म्हटलं.

"ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, मुंगे," ते म्हणाले. "वाण नाही, पण गुण लागला. तुझ्या वहीत मात्र वाणच लिहितात. मला त्यातनं काढ."

मग त्यांनी स्वतःच तिच्या पिशवीतून नळी घेतली, झाकण उघडलं, काडी गालात फिरवली, चांगली दोन्ही बाजूंनी फिरवली, आणि परत बंद करून तिच्यापुढे ठेवली. वैद्याची मनाई वगैरे काही आड आलं नाही.

मुंगीनं नळी उचलून उजेडात धरली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तयार दोर शेडभर पसरला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यातला पीळ अजून बसत होता, मधूनच करकरत.

"म्हणजे एक अष्टमांश नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग किती?"

"शून्य. आपला संबंध बादरायण."

"मग आगीत का गेलात?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. लहानपणी मुंग्यांची रांग कुणी मध्येच पुसून टाकली, की ती असाच चेहरा करायची. त्यांना तो पडदा आठवला, त्या टाळ्या, पोरीचा उजळलेला चेहरा. इतकं नीट बसवलेलं गणित, अर्धा, पाव, अष्टमांश. आपल्यामुळे तिची एक नळी गेली. निदान गणित तरी मोडायला नको. शून्यासाठी कुणी आगीत शिरत नाही, तर आपणही शून्यासाठी शिरलो नव्हतो म्हणायचं. त्यांनी बाकाखालून पत्र्याचा डबा ओढला. पिवळ्या रंगाचा चपटा डबा, झाकणावर दोन पक्षी रंगवलेले. काका त्यात निळं सूत ठेवत. त्यांनी झाकणावर टिचकी मारली.

"याच्यासाठी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नेहमीचा पीळ परत आला. "तुझा विश्वास बसणार नाही, पण माझ्याजवळ स्वतःची म्हणून ही एवढी एकच वस्तू होती. दुपारचं जेवण त्यात. डबा शेडच्या पार आतल्या टोकाला, कढईशेजारी खुंटीला टांगलेला. मी भुकेला कच्चा. आत गेलो तो डबा आणायला. तुझा बाप तिथं तागाच्या ढिगात झोपला होता, त्याला अडखळून पडलो. एका हातात डबा होता, दुसरा रिकामाच होता. म्हटलं, आलोच आहे तर घेऊन जाऊ. तेव्हा तुझं शास्त्र बिनचूक आहे. परक्यासाठी कोण मरतंय?"

मुंगीनं डबा हातात घेतला. झाकण उघडलं, निळं सूत बघितलं, झाकण लावलं. मग तिनं अंगठ्यानं त्या दोन पक्ष्यांवरून हात फिरवला. रंग पन्नास वर्षांचा होता, पण त्यावर धुराचा एक डागही नव्हता.

"डबा बाहेर कट्ट्यावर होता," ती म्हणाली. "बाबांना बाहेर आणलंत, कट्ट्यावर बसवलंत आणि यातलाच घास दिलात. उजवा हात भाजला होता म्हणून डाव्या हातानं भरवलंत. ते बाबा अजून सगळ्यांना सांगतात. साफ खोटं बोलताय, आजोबा."